चूप मनगट

अमरावती, ११ फेब्रुवारी २०२५

लीला,

तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहितो आहे. प्रणालीला मी चार वेळा फोन केला. एकदा तू झोपली होतीस, एकदा देवाजवळ होतीस, एकदा शेजारी गेली होतीस आणि चौथ्या वेळी मागून तुझाच आवाज आला, "सांग, आई घरात नाई." पस्तीस वर्षं वर्गावर काढली आहेत मी. कोण कुठून बोलतंय एवढं मला कळतं. शेवटी जावईबापूंनी सांगितलं की फोनवर मी दुसऱ्याला बोलू देत नाही असं तुझं म्हणणं आहे, तेव्हा काय ते कागदावर पाठवावं. तर पाठवतो.

हात कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणकामाची सुई घालू नकोस, डॉक्टरांनी बजावलं आहे. उजवाच हात, त्यामुळे पंचाईत होत असणार. प्रणाली तुझी वेणी घालून देते आणि जावई भाजी चिरतात हे ऐकून बरं वाटलं. जठारपेठेत सगळं हाकेच्या अंतरावर आहे, लेकीचं घर आहे, विश्रांती चांगली होईल. फक्त अकोल्याला जाताना तू मोठी बॅग नेलीस. सहा आठवड्यांच्या प्लास्टरला स्वेटर आणि उन्हाळ्याचे सुती गाऊन, दोन्ही कशाला लागतात, याचा मी विचार करतो आहे.

इथे सगळं ठीक. गोल्फच्या काठ्या मी माळ्यावर टाकल्या. तुझं म्हणणं पटलं. एकसष्टाव्या वर्षी अंगणात पांढरे चेंडू उडवत राहणं निवृत्त गणित शिक्षकाला शोभत नाही.

न्हाणीच्या खिडकीची काच फुटली आहे. मांजर.

मागच्या पायऱ्यांना खरखरीत फरशी लावून घेतो, म्हणजे ओल्या असल्या तरी कोणी घसरणार नाही. तूही जरा खाली बघून चालत जा.

चंद्रभान


अकोला, १८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबा,

सा. नमस्कार. आपले दि. ११ चे पत्र प्राप्त झाले. आईंचा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे उत्तर माझ्या अक्षरात आहे. आपणांस ठाऊकच आहे की मी पंचायत समितीत आवक-जावक सांभाळतो, त्यामुळे पत्र लिहिण्याची सवय आहे. परंतु आईंची अट अशी की त्या बोलतील ते जसेच्या तसे उतरवायचे, सुधारणा करायची नाही. सबब खालील मजकुराशी लेखनिक सहमत असेलच असे नाही.

"मांजर किती उंच उडी मारते ते इचारा. न्हाणीची खिडकी माह्या डोक्याच्या वर हाये. एवढं मोठं अंगण सोडून मांजरीले काचेतून काहून जा लागते ते बी इचारा.

मोठी बॅग म्या मुद्दाम नेली.

खाली बघून चाल म्हणे. दवाखान्यात बी हेच म्हणाले. डॉक्टरसमोर, नर्ससमोर, पोरीसमोर. 'तिचं लक्षच नसते खाली.' तवापासून प्रणाली मले हात धरून मोरीपर्यंत नेते. घरातली सारी पायपुसणी तिनं उचलून ठेवली. काल म्हणे आई, तुझे डोळे तपासू. मंग म्हणे कान बी तपासू, कानानं तोल जाते म्हणे. माहे डोळे चांगले हायेत. पायऱ्या ओल्या नव्हत्या. दुपारी चार वाजता कोण पायऱ्या धुते? पायाखाली काय आलं ते तुमाले ठाऊक हाये. तुमी धावत आले, ते उचललं अन् खिशात टाकलं, मंग मले उचललं. म्या पडल्या जाग्यावरून पाह्यलं.

ते पोरीले सांगा. मंग बॅगेचं पाहू."

बाबा, खिशात काय टाकलं, असे मी आईंना विचारले. त्या म्हणाल्या, तुमचं काम लिहायचं हाये, लिहा. प्रणाली त्या वेळी भाजीबाजारात गेली होती. हे पत्र तिला दाखवलेले नाही. माझी परिस्थिती कृपया समजून घ्यावी.

आपला,
नितेश


अमरावती, २४ फेब्रुवारी २०२५

लीला,

मांजर नव्हतं. मान्य.

काठ्याही माळ्यावरून खाली काढाव्या लागल्या. त्याचं कारण ऐक. चांदूर बाजार रोडवर भगवंतरावांचं ते लेआउट आहे ना, दिवाळीपासून मी जिथे जातो? प्लॉट काही खपेनात, तेव्हा त्यांनी गवत कापून चार झेंडे रोवले आणि बाहेर 'गोल्फ सिटी' असा बोर्ड लावला. आता २३ मार्चला तिथे साठीच्या वरच्यांची स्पर्धा ठेवली आहे. लांबचा फटका मारायचाच नाही, कारण पलीकडे दुसऱ्याची तूर उभी असते. तीस पावलांवरून झेंड्याजवळ चेंडू नेऊन ठेवायचा. तीन चेंडू. माझं नाव त्यांनी मला न विचारता टाकलं. विचारून टाकलं असेल, पण मला आठवत नाही.

हा आखूड फटका दिसतो सोपा, पण त्यातच माझा जीव जातो आहे. शिकवायला अब्दुल गफ्फार आहेत. लष्कराच्या एका गोल्फ मैदानावर बावीस वर्षं माळी होते. गवत कापता कापता त्यांनी इतके साहेब खेळताना पाहिले की कोणाचा चेंडू कुठे जाणार हे त्याच्या खांद्यावरून सांगतात. मला पहिल्या दिवशी म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळं बराबर हाये. फक्त हे मनगट घरी ठेवून या."

आता तुला माझं मनगट माहीत आहे. अंजनगाव सुर्जीच्या हायस्कुलात शेवटच्या बाकावरचा पोरगा पेंगला की मी फळ्याकडे तोंड असतानाच खडू सोडायचो आणि तो बरोबर त्याच्या वहीवर पडायचा. तो सगळा मनगटाचा झटका. तीच सवय इथे आडवी येते. काठी चेंडूपर्यंत ठीक जाते, आणि ऐन वेळी मनगट आपलं एक काहीतरी करतं. मग एकतर काठी मागच्या मातीत रुतते आणि चेंडू पायाशीच राहतो, नाहीतर काठीची धार चेंडूच्या कमरेत लागते आणि तो जमिनीलगत गोळीसारखा सुटतो. न्हाणीची काच अशीच गेली. गफ्फारभाई म्हणतात, "हा चेंडू हाये, पोट्टा नाई. याले झोपेतून उठवाचं नाई, नुसतं पुढं सरकवाचं हाये."

खिशाचं म्हणशील तर मला नीट आठवत नाही. रुमाल असेल.

हात उशीवर उंच ठेवत जा.

चंद्रभान


अकोला, ३ मार्च २०२५

आदरणीय बाबा,

सा. नमस्कार. आईंचा मजकूर पुढीलप्रमाणे:

"रुमाल गोल नसते.

काल प्रणालीनं माह्यासाठी काठी आणली. म्हाताऱ्या बाया धरतात तशी, खाली रबर लावलेली. माही नणंद सत्त्याहत्तर वर्षांची हाये, ते बी काठी धरत नाई. शेजारच्या नसीमबानो आल्या व्हत्या भेटाले, त्यायनं इचारलं, कवापासून त्रास हाये? म्या काय सांगू?

तुमी पोरीले सांगत नाई तवरोक ही काठी माह्या उशाशी राहीन.

अन् एक इचारा. मनगट हालू द्यायचं नाई, तर चेंडू जाते कशाच्या जोरानं?"

बाबा, शेवटचा प्रश्न आईंनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला आणि 'जोरानं'च्या खाली रेघ मारायला सांगितली. कारण मी विचारलेले नाही.

आपला,
नितेश


अमरावती, १० मार्च २०२५

लीला,

तू प्रश्न विचारलास, मला फार आनंद झाला. शिक्षकाला कोणी प्रश्न विचारला की तो बाकीचं सगळं विसरतो.

जोर खांद्यांचा आणि छातीचा. दोन्ही हात आणि काठी मिळून एक त्रिकोण होतो. तो त्रिकोण न मोडता छाती उजवीकडे वळवायची आणि मग डावीकडे. हात त्याच्याबरोबर जातात, स्वतःहून काही करत नाहीत. मूठ चेंडूच्या जरा पुढे, वजन डाव्या पायावर. हे सगळं मला तोंडपाठ आहे. फळ्यावर आकृती काढून देईन. फक्त करता येत नाही.

म्हणून गफ्फारभाईंनी एक युक्ती केली. माझी जुनी लाकडी फूटपट्टी डाव्या हाताच्या घड्याळाच्या पट्ट्यात खोवली, अर्धी मनगटाच्या वर आणि अर्धी हाताच्या पाठीवर. मनगट मागे मोडलं की पट्टी हाताच्या पाठीत रुतते. पहिल्या दिवशी इतकी रुतली की वळ उठले. ज्या पट्टीने मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातावर वळ उठवले ती अशी उलटली. मग मी मनगट लाकडासारखं घट्ट धरलं, तर चेंडू चार पावलं जाऊन थांबला. गफ्फारभाई म्हणाले, "असं मुर्दा नाई पायजे मास्तर. चूप पायजे. मुर्दा अन् चूप यात फरक हाये."

मी म्हटलं, "पण मग चेंडू वर कसा उडणार? मी थोडी मदत केली नाही तर?"

ते खाली बसले आणि काठीचं पातं मला बोटाने दाखवलं. "हे तिरपं काहून देलं बनवणाऱ्यानं? वर न्यायचं काम याचं हाये. तुमी शेवटी मदत कराले जाता, तिथंच सारं बिघडते. काठी गेली, चेंडू लागला, झालं. त्याच्यात आपलं काही टाकायचं नाई."

बाभळीखाली आम्ही पाणी पीत बसलो होतो. त्यांनी तुझ्या हाताची चौकशी केली आणि काय झालं मला कळलं नाही, मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे असं की, मागच्या दारी काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून मी झोपेतून उठून धावलो. तू पायऱ्यांच्या खाली होतीस आणि माझा चेंडू तुझ्या चपलेजवळ होता. माझ्या चेंडूने तुझा हात मोडला हे मला त्याच क्षणी कळलं. तो मी खिशात टाकला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? आणि मी म्हणालो, पायऱ्या ओल्या होत्या, आणि तिचं लक्षच नसतं खाली.

गफ्फारभाईंनी उरलेलं पाणी बाभळीच्या बुडाशी ओतलं. मग म्हणाले, "चलो, आदमी घबराता है. पायऱ्या ओल्या म्हणून थांबले असते तं झूठ लहान राह्यलं असतं. वरून भाभीचं लक्ष नसते, हे काहून?"

लीला, ते वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. ते आपोआप निघालं, खडू निघायचा तसं.

तर हे तुला कबूल. पण प्रणालीला कसं सांगू? ती लहान असताना गणितात दोन चुका झाल्या आणि तिने एक लपवली, तर मी तिला लपवलेल्या चुकीबद्दल बोललो होतो. तिला ते अजून आठवतं. गेल्या दिवाळीत तिनेच सांगितलं.

थोडी मुदत दे.

चंद्रभान


अकोला, १७ मार्च २०२५

आदरणीय बाबा,

सा. नमस्कार. काल आईंचे प्लास्टर काढले. हात बारीक दिसतो, मनगट अजून वळत नाही, व्यायाम सांगितले आहेत. आईंचा मजकूर एकाच ओळीचा आहे:

"त्रिकोणाचं समजलं. मुदत नाई."

व्यक्तिशः एक विनंती. शुक्रवारी आईंना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचे प्रणालीने ठरवले आहे. आई गप्प बसून आहेत. मी सर्व जाणतो आणि काहीच जाणत नाही, अशा स्थितीत मला जेवण जात नाही.

आपला,
नितेश


अमरावती, २४ मार्च २०२५

लीला,

शुक्रवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेलीस हे जावयांकडून कळलं. कान उत्तम आहेत म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता.

काल स्पर्धा झाली. आम्ही पाच जण होतो. भगवंतरावांनी मांडव घातला होता, पोहे होते, प्लॉटचे नकाशे खुर्च्यांवर ठेवले होते. पंच गफ्फारभाई. फूटपट्टी लावायला परवानगी नव्हती.

पहिला चेंडू मी मारला आणि मनगटाने झटका दिला. चेंडू भगवंतरावांच्या बोर्डावर आदळला. 'सर्व सुविधायुक्त' यातल्या 'सर्व'वर खळी पडली आहे. दुसऱ्याला मी घाबरून मनगट आवळलं, तर काठी मातीत. काळ्या जमिनीला भेगा पडल्या आहेत तुला माहीतच आहे, चेंडू हातभर सरकला आणि एका भेगेत गेला. काढता आला नाही. लोक हसले. मीही हसलो.

तिसऱ्याला मी थांबलो. का कोण जाणे, त्या दवाखान्यातल्या बाकाची आठवण झाली. तू प्लास्टर ओलं असताना हात छातीशी धरून बसली होतीस, आणि मी ते वाक्य बोललो तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. नुसतं पाहिलंस. मी छाती वळवली, काठी गेली, चेंडू लागला. मी काही केलं नाही, लीला. शपथेवर सांगतो, मी काहीसुद्धा केलं नाही. चेंडू कमरेएवढा उडाला, हळूच टेकला आणि घरंगळत जाऊन झेंड्यापासून दोन हातांवर थांबला. तिसरा नंबर आला.

शाल देताना भगवंतराव माइकवर म्हणाले, "वहिनी आल्या नाहीत? पायऱ्या ओल्या होत्या म्हणे, पडल्या. जपायला पाहिजे या वयात."

मी म्हणालो, "पायऱ्या कोरड्या होत्या. माझा चेंडू पायरीवर पडून होता. त्याच्यावरून ती पडली आणि मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

माइक चालू होता. तुरीच्या शेतातला माणूससुद्धा वळून बघायला लागला. भगवंतरावांना काही सुचलं नाही म्हणून त्यांनी शाल पुन्हा एकदा घातली. मी मांडवाच्या मागे गेलो आणि प्रणालीला फोन लावला. तिला हेच सांगितलं, शब्दही बदलले नाहीत. ती म्हणाली, "बाबा, मी आईले मोरीपर्यंत धरून नेत व्हती. कान तपासले मी तिचे." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला.

आज दोनदा लावला, ती घेत नाही. आता तुम्ही दोघीही घेत नाही.

हे मी तू बॅग परत आणावीस म्हणून केलं असं समजू नकोस. पहिल्या पत्रात ते मनात होतं. आता नाही. म्हणजे आहे, पण त्यासाठी केलं नाही.

चंद्रभान


अकोला, १२ एप्रिल २०२५

प्रणालीचे बाबा,

हे अक्षर माहं हाये. वाकडं हाये, वाचून घ्या. नितेशराव लिहून देतो म्हणाले, पण हे त्यायच्या हातानं लिहिण्यासारखं नाई. तीन दिवस लागले. हात दुखला का थांबत व्हती.

तुमचा फोन आला त्या दिवशी प्रणाली लय रागावली. तुमच्यावर नाई तेवढी सोतावर. काठी गच्चीवर नेऊन टाकली. रात्रीचं जेवण बी केलं नाई तिनं. गेल्या आठवड्यात बी म्हणे, बाबांशी मी कदीच बोलत नाई. तवा मले राहवलं नाई, अन् म्या तिले बसवून खरं सांगतलं. आता तुमाले सांगतो.

तो चेंडू तुमचा नव्हता. माहा व्हता.

म्हणजे तुमच्याच बादलीतला, पण मारला म्या. दिवाळीनंतर तुमी दुपारचे झोपले का म्या ते आखूड काठी घेऊन मागच्या अंगणात जात व्हती. पहिल्यांदा नुसतं पाह्यलं, या माणसाले याच्यात येवढं काय दिसते. मंग सवय लागली. पपईच्या झाडाच्या बुडाले लावायचा म्हणून मारत व्हती. म्या एक बी काच फोडली नाई. त्या दिवशी चेंडू झाडाले लागून उलटा आला, कुठं गेला ते दिसलंच नाई. गवतात शोधला. चार वाजले, तुमचा चहा ठेवायचा व्हता, म्हणून काठी जागेवर ठेवून घाईनं वर चढली. तो पायरीवरच व्हता. तुमी तुमचे सारे चेंडू बादलीत भरूनच झोपले व्हते. गणिताचे मास्तर, पण मोजले नाई कदी.

आता रागाचं ऐका. तुमी धावत आले अन् पहिल्यांदा चेंडू खिशात टाकला, तवा मले वाटलं, यायले समजलं. पोरीसमोर माही फजिती होऊ नाई म्हणून लपवून राहिले. मले इतकं बरं वाटलं का रिक्षात बसेपर्यंत हात दुखला नाई. मंग दवाखान्यात तुमी म्हणाले, तिचं लक्षच नसते. तवा समजलं, हा माणूस सोताले वाचवून राहिला. म्हणून बॅग मोठी भरली.

मले पहिल्या पत्रातच सांगता आलं असतं. नाई सांगतलं. तुमी बोलता का नाई ते पाहायचं व्हतं. अन् या वयात सासू चोरून गोल्फ खेळते, हे जावयाले कसं लिहायले लावू? सव्वा महिना तुमाले तसंच ठेवलं, अन् फोन केल्यावर बी वीस दिवस. हे माहं चुकलं. तुमी माइकवर बोलले ते ऐकून मले जेवण गेलं नाई.

प्रणालीनं सारं ऐकून घेतलं अन् मंग एवढी हासली का नसीमबानो काय झालं म्हणून पाहाले आल्या. आता तुमचा फोन घेईन ते. आजच लावा. मधात बोलू नका.

हाताचं म्हणसान तर डॉक्टर म्हणाले, आता हे मनगट पहिल्यावानी पूर्ण वाकणार नाई, कणीक मळाले तरास होईन, मनाले लावून घेऊ नका. म्या म्हटलं नाई घेत. काल गच्चीवर नितेशरावांची छत्री उलटी धरली, एक लिंबू ठेवलं, तुमचा तो त्रिकोण केला अन् छाती वळवली. लिंबू सरळ गेलं अन् पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबलं. चार वेळा मारलं, चारी वेळा तिथंच. मनगट हाललं नाई. हालवतो म्हटलं तरी हालत नाई.

येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येऊन राहिली. गफ्फारभाईले बाया खेळतात का म्हणून इचारू नका. मी येतो एवढंच सांगा.

लीला